शेवट ठाऊक असलेली हेरकथा

‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका झी मराठीवर २४ सप्टेंबर २०१७ ते २९ फेब्रुवारी २०२० या काळात चालली. तिचा प्रकार कोणता असे विचारले, तर ‘ऐतिहासिक’ हेच उत्तर येईल. भागांची घडण मात्र बरीचशी हेरकथेची आहे. वेषांतर, चोरवाटा, वाटेत धरलेले खलिते, घरातच बसलेला वैरी, वेळेवर पोचलेली किंवा न पोचलेली बातमी यांवरच एकेक भाग उभा राहतो. फरक एका बाबतीत आहे. इंग्रजी-हिंदी हेरमालिका पाहणाऱ्याला पुढे काय होणार ते माहीत नसते. या मालिकेच्या प्रेक्षकाला पहिल्या भागाआधीच शेवट ठाऊक होता. संभाजी महाराजांच्या कैदेची आणि मृत्यूची संगमेश्वर, बहादूरगड, तुळापूर ही नावे ज्या क्रमाने येणार त्याच क्रमाने आली. म्हणून तिच्या भागांबद्दलची मते ‘रहस्य चांगले जमले की नाही’ यावर फारशी रेंगाळली नाहीत. वाद झाला तो दोन गोष्टींवर: दोष कोणाच्या माथी मारला आणि पडद्यावर किती दाखवायचे. ही मते समजून घ्यायची तर त्या कथेशी ज्यांचे नाते आहे अशा गावांकडून आणि घराण्यांकडून पाहावे लागते. पुणे जिल्ह्यातले कापूरहोळ हे त्यांपैकी एक गाव.

कापूरहोळ पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर, सातारा रस्त्यावर, भोर तालुक्यात आहे. महामार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना ते फाटा म्हणून माहीत असते. येथून एक रस्ता भोरकडे वळतो, तर दुसरा केतकावळ्याच्या बालाजी मंदिरावरून नारायणपूरमार्गे सासवडला जातो. नारायणपूरच्या डोक्यावर पुरंदर किल्ला आहे आणि पश्चिमेला, वेल्ह्याच्या बाजूस, राजगड. संभाजी महाराजांचा जन्म १४ मे १६५७ रोजी पुरंदरावर झाला. त्यांच्या आई सईबाई ५ सप्टेंबर १६५९ रोजी राजगडावर वारल्या. कापूरहोळ या दोन गडांच्या मधे पडते आणि इतिहासातली त्याची जागाही काहीशी तशीच आहे. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती खालावली, अंगावर दूध पुरेना, तेव्हा कापूरहोळच्या गाडे पाटील घराण्यातल्या धाराऊंना दूधआई म्हणून आणण्यात आले. अंतोजी आणि रायाजी हे त्यांचे मुलगे पुढे संभाजी महाराजांच्या चाकरीत दिसतात. दूधभाऊ हे नाते आजच्या वाचकाला किरकोळ वाटेल. सतराव्या शतकात ते विश्वासाचे तारण होते.

मालिकेत धाराऊंची भूमिका लतिका सावंत यांनी केली. लेखन प्रताप गंगावणे यांचे, दिग्दर्शन कार्तिक केंढे यांचे, निर्मिती जगदंब क्रिएशन्सची आणि मुख्य भूमिका डॉ. अमोल कोल्हे यांची. कोल्हे यांनी त्याआधी ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेत शिवाजी महाराज साकारले होते. बखरीत आणि दरबारी कागदात धाराऊंना ओळ-दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. रोजच्या मालिकेला मात्र अशी माणसे लागतातच. हेरकथेत तर त्यांचा उपयोग दुहेरी असतो. मुदपाकखान्यापासून अंतःपुरापर्यंत ज्याला कोणी अडवत नाही असे पात्र लेखकाच्या हाती असले, की कटाची कुणकुण त्याच्यामार्फत प्रेक्षकापर्यंत पोचवता येते. आणि ज्याच्यावर संशय घेणे अशक्य, असा एक चेहरा घरात राहतो. बाकी सगळ्यांकडे प्रेक्षक डोळे बारीक करून पाहत असताना हा चेहरा त्याला विसावा देतो.

मराठेशाहीतल्या हेरांविषयी दाखवायला पडद्याजवळ पुष्कळ असते, कागदाजवळ थोडे. बहिर्जी नाईक हे नाव घराघरांत आहे. सभासदाच्या बखरीत ते जासूद म्हणून येतात: १६६४ च्या सुरत स्वारीत, आणि १६७९ मध्ये जालन्याची लूट घेऊन परतताना मोगली फौजेला चुकवून शिवाजी महाराजांना आडवाटेने पट्टा किल्ल्यावर पोचवणारे म्हणून. सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या बाणूरगडावर त्यांची समाधी दाखवतात. फकीर, गोसावी, वासुदेव अशा वेषांच्या ज्या गोष्टी सांगितल्या जातात, त्या बहुतांशी लोककथेच्या आहेत. खऱ्या हेराचा माग राहत नाही हे त्याच्या कामातच आले, त्यामुळे पटकथाकाराला येथे मोकळे रान मिळते. प्रेक्षकही या मोकळेपणाला हरकत घेत नाही. चावडीपुढे उभ्या असलेल्या पोतराजाला शत्रूचा सरदार ओळखत नाही आणि घरात बसलेले पोर पाहताक्षणी ओळखते, ही मराठी ऐतिहासिक मालिकांची ठरलेली गंमत आहे. जगभरच्या हेरकथा प्रेक्षकाला अंधारात ठेवून चालतात. येथे अंधारात असतो तो फक्त खलनायक.

जाता जाता शब्दांबद्दल. ‘जासूद’ हा निरोप्याही होता आणि हेरही. मोगलांकडे तेच काम ‘हरकारे’ करत. बातमी आणणारा म्हणून हेराला ‘बातमीदार’ म्हणत. हा शब्द पुढे वर्तमानपत्रांनी घेतला. ‘फितुरी’ला मात्र इतक्या वर्षांत दुसरा अर्थ चिकटला नाही.

हेरकथा म्हणून मालिकेतला सर्वांत भरीव भाग १६८१ च्या कटाचा. त्याला लेखकाच्या कल्पनेची फारशी गरजही नव्हती, कारण साधनांतच तो पटकथेसारखा उतरला आहे. संभाजी महाराजांविरुद्ध दरबारात कट शिजला. इंग्रजांच्या मुंबईहून गेलेल्या पत्रव्यवहारात ऑगस्ट १६८१ च्या विषप्रयोगाची हकीकत आहे: माशांच्या ताटात विष कालवले होते, एका लहान मुलाने खाऊ नका म्हणून सांगितले, आणि त्यातले अन्न खाल्लेला एक नोकर व एक कुत्रा काही तासांत मेले. त्याच सुमारास औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर मराठ्यांच्या आश्रयाला येऊन पालीजवळ राहिला होता. कटवाल्यांनी त्यालाच मदतीसाठी पत्र धाडले आणि त्याने ते संभाजी महाराजांकडे पोचवले. पुढे अण्णाजी दत्तो, बाळाजी आवजी, हिरोजी फर्जंद यांना देहदंड झाला. परमुलुखातला शहाजादा, फोडलेले पत्र, विषाचे ताट, ताटाजवळ उभा असलेला मुलगा: आजच्या कुठल्याही हेरमालिकेला पुरेल एवढा हा ऐवज आहे.

या भागांवरचे मत नेहमीच्या प्रेक्षक-मतासारखे नव्हते, आणि ते का नव्हते याचे कारण फार जुने आहे. मृत्युदंड झालेल्या बाळाजी आवजींच्या मुलाला, खंडो बल्लाळांना, संभाजी महाराजांनी पुन्हा जवळ केले आणि ते निष्ठेने राहिले. त्याच घराण्यातल्या मल्हार रामराव चिटणीसांनी संभाजी महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे सव्वाशे वर्षांनी बखर लिहिली. तिच्यात राजा व्यसनी, उतावळा आणि क्रूर असा रंगवला गेला. पुढच्या कादंबऱ्यांनी आणि नाटकांनी रंग उचलले ते बरेचसे याच बखरीतून. म्हणजे फितुरीच्या प्रकरणावर एका घराण्याने दिलेला अभिप्राय शंभराहून अधिक वर्षे इतिहास म्हणून वाचला गेला. वा. सी. बेंद्रे यांनी १९६० मध्ये आणि डॉ. कमल गोखले यांनी १९७१ मध्ये आपापल्या चरित्रग्रंथांत मूळ साधने तपासून ते चित्र बदलले. रंगभूमीवर वसंत कानेटकरांच्या ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ (१९६२) आणि ‘इथे ओशाळला मृत्यू’ (१९६८) या नाटकांनी या राजाला सहानुभूती मिळवून दिली. काशिनाथ घाणेकरांचा संभाजी आणि प्रभाकर पणशीकरांचा औरंगजेब पाहिलेली पिढी अजूनही त्याच मापाने नव्या नटांना मोजते. शिवाजी सावंतांची ‘छावा’ ही कादंबरी १९७९ ची. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या ‘राजसंन्यास’मध्ये मात्र जुनाच संभाजी होता. त्यावरचा राग इतका टिकला की जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातला गडकऱ्यांचा पुतळा उखडून टाकण्यात आला. गडकरी जाऊन तेव्हा जवळजवळ ९८ वर्षे झाली होती. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मालिका सुरू झाली. तिला तयार प्रेक्षक मिळाला असे म्हणतात. तक्रारही तयारच होती, हे त्याला जोडले पाहिजे.

आता संगमेश्वर. १ फेब्रुवारी १६८९ रोजी मुकर्रबखानाने, म्हणजे शेख निजामाने, कोल्हापूरकडून सह्याद्री ओलांडून अचानक छापा घातला आणि संभाजी महाराज व त्यांचे सल्लागार कवी कलश जिवंत हाती लागले. त्यांना बहादूरगडास, म्हणजे भीमेकाठच्या पेडगावास, नेण्यात आले आणि ११ मार्च रोजी ठार मारण्यात आले. एवढ्या अडचणीच्या मुलुखात एवढ्या वेगाने शत्रू आला, तर वाट कोणी दाखवली? मराठी माणसाच्या मनातला हा सर्वांत जुना हेरकथेचा प्रश्न आहे. प्रचलित उत्तर आहे गणोजी शिर्के. ते येसूबाईंचे भाऊ आणि शिवाजी महाराजांचे जावई. वतनावरून बिनसलेले मेहुणे.

कागद काय म्हणतात हे पाहायला कापूरहोळहून फार लांब जावे लागत नाही. भोर तालुक्यातल्याच कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली जेधे शकावली लोकमान्य टिळकांनी मिळवून १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. मराठेशाहीच्या तारखा ठरवताना हिच्यावाचून चालत नाही. १६८८ च्या कार्तिकात शिर्के कवी कलशावर उलटले, कलश पळून खेळण्यावर, म्हणजे विशाळगडावर गेले, राजांनी येऊन शिर्क्यांचा पराभव केला आणि मग परतीच्या वाटेवर संगमेश्वरी शेख निजामाने दोघांना धरले, असा तिच्यातल्या नोंदींचा आशय आहे. भांडण आहे, वाटाड्या नाही. ‘मआसिर-इ-आलमगिरी’ या मोगल इतिहासातही शिर्क्यांशी झालेल्या वैराचा उल्लेख येतो, पण राजा कोठे आहे ही बातमी मुकर्रबखानाच्या स्वतःच्या जासुदांनी आणल्याचे सांगितले आहे. पाँडिचेरीचा फ्रेंच अधिकारी फ्रान्स्वा मार्तें याने रोजनिशीत दोष ठेवला तो दरबारातल्याच माणसांवर. तीन साधने, तीन दिशा. खानाच्या त्या जासुदांची नावे कोणीच लिहून ठेवलेली नाहीत.

पडद्याला अशा अनिश्चिततेशी जमवून घेता येत नाही. नाव नसलेल्या जासुदावर महिनाभर भाग रंगत नाहीत; घरचा, ओळखीचा, अपमानाने पेटलेला माणूस मिळाला तर रंगतात. गणोजी हे पात्र मालिकेत मोठे झाले ते यामुळे. नाट्याच्या हिशेबाने हे समजण्यासारखे आहे. इतिहासाच्या हिशेबाने मात्र ती उसनवारी आहे, आणि ती वसूल करायला कोणीतरी येतेच.

शेवटचे भाग जवळ आले तेव्हा, फेब्रुवारी २०२० मध्ये, मतांचा रोख बदलला. बहादूरगडापासून तुळापूरपर्यंतचा छळ दाखवू नये अशी मागणी झाली. ज्याला देव्हाऱ्याच्या तोलाचे स्थान दिले त्याचे हाल रोज रात्री जेवणाच्या वेळी घरात नकोत, लहान मुले पाहतात, असे एक म्हणणे होते. उलट म्हणणे असे की बलिदान दाखवायचे नसेल तर अडीच वर्षे कथा सांगितली कशासाठी? कोणाच्या तरी दबावाने मालिका गुंडाळली जात असल्याच्या वावड्याही उठल्या आणि कोल्हे यांना खुलासे करावे लागले. तोवर त्यांच्या दोन भूमिका झाल्या होत्या. मे २०१९ मध्ये ते शिरूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले होते, आणि संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक त्याच मतदारसंघात येते. नटाला प्रेक्षक आणि खासदाराला मतदार एकाच गावात भेटावेत, असा योग क्वचितच येतो.

या वादाची विशेष गोष्ट म्हणजे तो भाग दिसण्याआधी झाला. महाराष्ट्रात नाटकाची संहिता प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते, चित्रपटाला केंद्रीय मंडळाचे प्रमाणपत्र लागते. दूरचित्रवाणी मालिकेला अशी पूर्वतपासणी नाही. १९९५ च्या केबल कायद्याखालची कार्यक्रम संहिता आणि प्रसारकांनी २०११ मध्ये स्थापन केलेली तक्रार परिषद ही दोन्ही प्रसारण झाल्यावर कामाला येतात. शेवट सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे येथे प्रेक्षकांनीच पूर्वतपासणी केली.

वाहिनीला मात्र प्रेक्षकाचे मत वेगळ्याच रूपात लागते. बार्क ही संस्था २०१५ पासून प्रेक्षकसंख्येचे आकडे देते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून त्यांत ग्रामीण भागही आला आणि मराठी वाहिन्यांच्या गणितात भोर-वेल्ह्यासारख्या तालुक्यांना वजन मिळाले. निवडक घरांतल्या दूरचित्रवाणी संचांना यंत्र जोडलेले असते, ते आवाजातली खूण ओळखून वाहिनी नोंदवते. ही घरे कोणती, हे गुप्त ठेवले जाते. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी अशा काही घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या चालू ठेवायला लावल्याचे प्रकरण पुढे आणले, तेव्हा गुप्त माणसे फोडण्याचा धंदा मोजणीतही शिरल्याचे आरोप झाले. पण यंत्र प्रामाणिक असले तरी ते फक्त संच चालू होता एवढे सांगते. गणोजींना शिव्या देत पाहिलेला भाग आणि डोळे पुसत पाहिलेला भाग त्याला सारखाच.

इतरत्रही हेरमालिकांच्या एखाद्या भागावर असे मोहोळ उठते. प्रियांका चोप्राच्या ‘क्वांटिको’ या अमेरिकी मालिकेत १ जून २०१८ रोजी दाखवलेल्या भागात न्यूयॉर्कमधल्या अणुहल्ल्याचा कट रुद्राक्षाच्या माळेवरून भारतीय राष्ट्रवाद्यांचा निघतो. भारतीय प्रेक्षक भडकले, सुमारे आठवड्याभरात एबीसी वाहिनीने आणि खुद्द चोप्राने माफी मागितली. दरम्यान ज्या लेखिकेवर राग निघाला तिने तो भाग लिहिलेलाच नव्हता. ‘द फॅमिली मॅन’च्या दुसऱ्या पर्वाला मे २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने विरोध केला, तोही प्रदर्शनापूर्वी, नुसत्या झलकेवरून. या दोन्ही ठिकाणी दुखावला गेला तो समाज किंवा देश. मराठी ऐतिहासिक हेरकथेत तक्रार आडनावासह येते, आणि तक्रारदाराकडे वंशावळ असते.

२०२५ ने ते पुन्हा दाखवले. लक्ष्मण उतेकर दिग्दर्शित ‘छावा’ चित्रपट १४ फेब्रुवारीला आला. त्याआधी जानेवारीतल्या झलकेत संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसल्यावर आक्षेप आला आणि ते दृश्य काढण्यात आले. धाराऊंच्या भूमिकेत येथे नीलकांती पाटेकर होत्या. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणाला हरकत घेतली आणि १०० कोटी रुपयांच्या अब्रुनुकसानीच्या दाव्याचा इशारा दिला. उतेकरांनी दिलगिरी व्यक्त केली. त्यांचे स्पष्टीकरण असे होते की चित्रपटात गणोजी आणि (शिर्के घराण्यातलेच) कान्होजी एवढीच नावे येतात. आडनाव आणि गाव यांचा उल्लेख मुद्दाम टाळला आहे. तो टाळलेला होताच. पण चित्रपटगृहात बसलेल्या मराठी प्रेक्षकाला ‘गणोजी’पुढचा शब्द कोणी सांगावा लागत नाही.